बुजवलेलं भोक

दवाखान्याची ती गाडी म्हणजे एटीव्ही. चार फुगीर चाकांची, हँडलवाली, छत नसलेली. डोंगरावरच्या वस्त्यांना जायचं तर हीच, नाहीतर आपले पाय. ड्रायव्हर ती चालवायचा आणि मागे त्याची बायको बसायची, लसींची थंड पेटी मांडीवर घेऊन. ती दवाखान्याची नर्स.

गेल्या महिन्यात ती झोपेतच गेली. देवाने इतक्या अलगद उचललं की शेजारी झोपलेल्या माणसालाही कळलं नाही. भेटायला आलेले म्हणाले, पुण्यवान होती. ड्रायव्हर म्हणाला, "हो." तेव्हापासून तो सगळ्यालाच हो म्हणत होता. जेवलात का? हो. झोप लागते का? हो. डोळ्यांतून टिपूस नाही, आवाजात चढउतार नाही. माणूस जागेवर होता एवढंच.

ती गेली म्हणून वरची फेरी चुकली. आणि आता खालच्या वस्तीत गोवर निघाला होता. वर लस न टोचलेली लेकरं होती. नवी सिस्टर रुजू झाली होती आणि उद्या सकाळी तिला घेऊन वर जायचंच होतं. फेरी पुन्हा चुकली आणि गोवर आधी वर पोचला, तर मग देवालाच तोंड दाखवायचं. म्हणून डॉक्टरांनी गाडी तपासायला ड्रायव्हरच्या मेहुण्याला बोलावलं. मेहुणा गॅरेजवाला. खिशात, डब्यात, कधीकधी दातांतही नटबोल्टाचा वायसर धरलेला, म्हणून सगळे त्याला वायसरच म्हणायचे.

"भाऊजी, पंप गळत होता म्हणे?" शेडमध्ये शिरता शिरता वायसरने विचारलं.

"होता. थांबला."

"आपोआप?"

"हो."

"कमाल आहे. माझ्या गॅरेजात एकही गाडी आपोआप बरी होत नाही. तुमच्याकडे काय देवच पाने घेऊन येतो?"

ड्रायव्हर हसला नाही. वायसरने जमिनीवर पोतं टाकलं, आडवा झाला आणि बॅटरीचा उजेड पंपाखाली नेला. बराच वेळ त्याचे फक्त पाय दिसत होते.

"अहो, इथलं भोक कुठं गेलं?"

पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं. पंपात एका अंगाला इंजिन थंड ठेवणारं कूलंटचं हिरवं पाणी, दुसऱ्या अंगाला इंजिनाचं ऑइल, आणि मधे सील. सील झिजलं की पाणी आधी त्या भोकातून बाहेर ठिबकतं. जमिनीवर डाग पडतो, मालकाला कळतं, इंजिन वाचतं. त्या भोकात आता मळून बसवलेला, फटी बुजवायचा करडा मसाला दगडासारखा वाळला होता.

"कोणी बुजवलं हे?"

"मी."

वायसर बाहेर आला. ऑइलची काडी ओढून त्याने उजेडात धरली. काडीवर दुधाचा चहा लागावा तसं लागलं होतं.

"पाणी ऑइलमध्ये शिरलंय," तो म्हणाला. "भाऊजी, गाडी खोलायला तुम्हीच मला शिकवलंत. हे भोक कशाला असतं ते तुम्हीच सांगितलंत. आणि तुम्हीच?"

"ठिबकत होतं."

"मग?"

"रोज सकाळी खाली हिरवा डाग. पुसला की परत."

वायसरने काडी पुसून जागेवर खोचली.

"ताई असती ना," त्याने दातांतला वायसर काढला, "तर तुम्हाला आणि मला, दोघांना शेडबाहेर उभं केलं असतं. मला फुकटचं." मग त्याने चेहरा दुसरीकडे वळवून पाने शोधायला घेतले. पाने समोरच होते.

दोघे कामाला लागले. कूलंट काढलं, नळी सोडवली, पंपाचं झाकण उघडलं. आतला पंखा हाताला लागला, त्याच्यामागचं सील चिरलेलं. ड्रायव्हरचे हात बरोबर चालले होते. कुठला बोल्ट लांब, कुठला आखूड, काढलेला कुठे ठेवायचा, सगळं हातांना ठाऊक. त्याने तारेने टोकरून टोकरून भोक मोकळं केलं. तोंडाने फुंकर मारून पाहिली, पलीकडून वारा आला. नवं सील त्याच मापाच्या सॉकेटवर हलके ठोके देत सरळ बसवलं.

"वा, हात अजून शाबूत आहेत," वायसर म्हणाला.

"हो."

"हो म्हणायचे पैसे घेत नाही कोणी, म्हणून बरं."

पाण्याचं काम झालं. ऑइलचं होईना. जुनं काढलं, नवं भरलं, इंजिन चालवलं, परत काढलं. पांढरट. पुन्हा भरलं, पुन्हा काढलं. थोडं कमी, पण पांढरटच. गावातल्या दुकानातले डबे संपले. आणखी ऑइल शहरातूनच येणार होतं, म्हणजे उद्या दुपारपर्यंत.

सकाळी सिस्टर पेटी घेऊन शेडच्या दारात उभी राहिली. वयाने लहान, बूट नवे. तिने दोघांकडे पाहिलं आणि कोणाला विचारावं ते न कळून गाडीलाच विचारल्यासारखं म्हणाली, "जाईल ना? यातला बर्फ दुपारनंतर टिकत नाही."

वायसरने काडी पुसली, बुडवली, पाहिली. "सपाटीला चालेल. चढावर काय करील ते देव जाणे. भाऊजी, जाईल का?"

तो हो म्हणणार, असं वायसरने धरलंच होतं.

"नाही," ड्रायव्हर म्हणाला. "मधल्या वळणावर इंजिन जाम झालं तर गाडी हिला घेऊन मागे घरंगळेल. नाही न्यायची." मग तो सिस्टरकडे वळला. "चालत जाऊ. पेटी माझ्याकडे द्या."

पेटी त्याने पाठीला बांधली. वायसर गाडीच्या सीटवर हात ठेवून उभा राहिला.

पाऊलवाट गाडीच्या रस्त्याहून उभी होती. ड्रायव्हरला रस्ता पाठ होता, वाट नव्हती. दोनदा चुकली. सिस्टर धापा टाकत मागून येत होती आणि धापांमधून विचारत होती, अजून किती. त्याला सांगता येईना. पाठीवर पेटीचा गारवा लागत होता. गारवा लागतोय, एवढं त्याला कळत होतं.

पहिली घरं आली. अंगणं रिकामी, दारं लोटलेली.

"कोणीच नाही?" सिस्टरने विचारलं.

मग त्याच्या ध्यानात आलं. इंजिनाची घरघर वळणावरच ऐकू जायची आणि बायका आधीच लेकरं घेऊन बाहेर येऊन थांबायच्या. आज घरघर नव्हती.

"हाक मारा ना," सिस्टर म्हणाली. "मला इथं कोण ओळखतं?"

तो उभा राहिला. इतकी वर्षं इथे येऊन त्याने कधी हाक मारली नव्हती. त्याचं काम गाडीपाशी थांबायचं. आज थांबायला गाडीही नव्हती. त्याने तोंड उघडलं, आवाज आला नाही. परत उघडलं.

"लेकरं आणा गं!"

आवाज फाटका निघाला. एक दार किलकिलं झालं. कडेवर बाळ घेतलेली एक बाई बाहेर आली. त्याच्याकडे पाहिलं, सिस्टरकडे पाहिलं, मग दोघांच्या मागे पाहिलं.

"गाडी कुठंय, दादा? कळलंच नाही तुम्ही आलेलं."

"खाली राहिली. पंप मीच बिघडवला."

बाईने मान हलवली आणि अंगणात चटई टाकली. सिस्टरने पेटी उघडली, हात पुसले, सुई भरली. बाळ वळवळायला लागलं.

"दादा, नुसते उभे काय? दंड धरा त्याचा. घट्ट," सिस्टर म्हणाली.

तो खाली बसला. एवढासा दंड त्याच्या काळ्या, ऑइल न निघालेल्या बोटांत मावूनही जागा उरली. गरम होता. सुई टोचली. बाळाने आधी नुसतं तोंड उघडलं, श्वास अडकला, आणि मग जे भोकाड पसरलं ते पलीकडच्या घरांपर्यंत गेलं. तिकडची दारं उघडायला लागली.

"झालं," सिस्टर म्हणाली. "सोडा आता. दादा, सोडा."

त्याने दंड सोडला. बोटांचे काळे ठसे बाळाच्या कातडीवर राहिले. बाईने ते पदराने पुसले, नीट गेले नाहीत. पुढच्या अंगणात कोणीतरी लेकरू घेऊन उभं होतं. तो उठला, पेटी उचलली आणि तिकडे निघाला.