मला चालल्या, तुलाही चालतील

सकाळी साडेसातला कॉलरबाई कपाटासमोर उभी राहून तिसरा ड्रेस अंगातून काढत होती. दंडात घट्ट, पोटावर घट्ट, जिकडेतिकडे घट्ट. "धुऊन धुऊन आटलेत मेले सगळे," ती पुटपुटली. वीस वर्षं शिवणयंत्रावर बसलेल्या बाईनं असं म्हणावं, म्हणजे बघा! कपडे आटले नव्हते, पाच महिन्यांत तीच वाढली होती, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"डबा भरू का तुझा?" नवऱ्यानं स्वयंपाकघरातून विचारलं.

"भरायचा तर भर. विचारतोस कशाला?"

तो पाठ फिरवून डबा भरू लागला. आठ वर्षांची लेक तर हल्ली आईचं तोंड बघूनच बोलायचं की नाही ते ठरवायची. कॉलरबाईच्या हे लक्षात येत होतं, जिवाला लागत होतं, पण जीभ काही ताब्यात राहत नव्हती. एका जागी बसवत नव्हतं. भांडी घासतानाही आत कुणीतरी सारखं ढोसतंय असं वाटायचं.

ही बाई शर्टांच्या कारखान्यात कॉलरच्या लाइनची मुख्य होती, म्हणून तिला सगळे कॉलरबाई म्हणत. लेकीनंतर वर्षानुवर्षं तिनं गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या. कामाच्या धबडग्यात त्या चुकायला लागल्या, तेव्हा शेजारणीचं ऐकून तिनं तीन महिन्यांचं इंजेक्शन टोचून घेतलं. दवाखान्यातल्या नर्सनं काहीतरी सांगितलं होतं खरं, पण मागे रांग होती, सगळ्यांसमोर पाळीबिळीचं काय विचारायचं म्हणून हिनं नुसती मान डोलावली. मग सुरू झाला गोंधळ. आधी महिनाभर अवेळी डाग, मग आठ-आठ दिवस अंगावरून जाणं, आणि दुसऱ्या इंजेक्शननंतर पाळी गायबच. दिवस तर गेले नाहीत ना, असं रोज सकाळी वाटायचं. दोनदा घरीच तपासणी केली, दोन्ही वेळा काही नव्हतं, तरी भीती जाईना.

नवऱ्याला तिनं फक्त "इंजेक्शन घेतलंय" एवढंच सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "तुला बरं वाटेल ते कर." बिचाऱ्याला वाटलं आपण बायकोला मान दिला. खरं म्हणजे त्यानं हात झटकले होते. आपल्यातले किती पुरुष असेच मान देतात, जरा आठवून बघा.

त्या दिवशी कारखान्यात तिच्या हातात सात कॉलरी आल्या, सातही वाकड्या. शिवणारी होती धाकटी. लाइनमधली सगळ्यात लहान, सात-आठ महिन्यांपूर्वी लग्न झालेली, एरवी सगळ्यांत सरळ टाका घालणारी. कॉलरबाई तावातावानं तिच्यापाशी गेली, तर धाकटी यंत्रावर डोकं टेकून बसलेली.

"झोपायला येतेस का इथं?"

"बाई, डोकं दुखतंय."

"आठवड्यात तिसऱ्यांदा? ही नाटकं घरी करायची."

सगळी लाइन माना खाली घालून शिवत राहिली. कॉलरबाई टेबलापाशी आली आणि तिनं तिरमिरीत व्यवस्थापकांना चिठ्ठी लिहिली, की ही मुलगी कामाची नाही, हिला काढून टाका. कॉलरबाईची चिठ्ठी आजवर कधी परत आली नव्हती. म्हणजे संध्याकाळपर्यंत धाकटीची नोकरी गेल्यात जमा होती.

व्यवस्थापकांच्या खोलीकडे जायची वाट इस्त्रीच्या टेबलांवरून जायची. तिथं इस्त्रीवाल्या मावशी होत्या, कारखान्यातल्या सगळ्यात जुन्या. त्यांनी चिठ्ठी मागितली, वाचली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

"मावशी, द्या ती इकडे."

"देते की. आधी सांग, तिला विचारलंस का काय होतंय?"

"डोकं दुखतंय म्हणते. माझं नाही दुखत? तुमचं नाही दुखत?"

"तुझं काय काय दुखतंय ते मी दोन महिने बघतेय," मावशी म्हणाल्या. "बोलाव तिला."

धाकटी आली. मावशींनी तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. हळूहळू ती बोलायला लागली. आधी एका डोळ्यासमोर चकचकीत, वाकड्यातिकड्या रेषा नाचायला लागतात. टाका दिसत नाही. बोटांना मुंग्या येतात. मग डोकं असं ठणकतं की उलटी होते.

"कधीपासून?"

"पूर्वी वर्षातून एखाद्या वेळी व्हायचं. आता आठवड्यातून दोन-तीनदा." धाकटीनं कॉलरबाईकडे बघितलं आणि मान खाली घातली. "गोळ्या सुरू केल्यापासून."

कॉलरबाई जागच्या जागी थिजली. कारण त्या गोळ्या तिच्याच होत्या!

झालं होतं असं. तिनं इंजेक्शन घेतलं तेव्हा घरात गोळ्यांची सहा पाकिटं उरली होती. त्याच सुमाराला धाकटीनं कपडे बदलायच्या खोलीत लाजत लाजत विचारलं होतं, दोन वर्षं मूल नको असेल तर काय करायचं? त्या लाइनची रीतच अशी होती, की कुणाची सुई मोडली तर शेजारीण देणार, कुणाची बॉबिन संपली तर पुढची सरकवणार, मागे कुणी विचारायचं नाही. तसंच कॉलरबाईनं दुसऱ्या दिवशी पाकिटं आणून तिच्या पिशवीत टाकली. वर म्हणाली, "मला सात वर्षं चालल्या, तुलाही चालतील. डॉक्टरकडे कशाला रांगेत उभी राहतेस?" मायेनंच दिली होती हो. पण दिली.

"मग मला सांगायचं नाहीस का?" तिच्या तोंडून कसंबसं निघालं.

"तुम्हीच दिल्या होत्या ना, बाई. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

मावशींनी इस्त्री उभी करून ठेवली. "धागा बदललास की काय करतेस गं तू? धाग्याचा ताण बघतेस, पहिले दहा नग बाजूला काढून तपासतेस. पोटात जाणारं औषध बदललंस, तेव्हा किती दिवस बघितलंस? कुणाला सांगितलंस?"

कॉलरबाईचे डोळे भरून आले. पाच महिन्यांचं सगळं, डाग, वजन, चिडचिड, ती भीती, ती भडाभडा बोलून मोकळी झाली.

"मीही नव्हतं सांगितलं," मावशी म्हणाल्या. "तांबी बसवली आणि अंगावरून जायला लागलं. नवऱ्याला नाही, सासूबाईंना नाही, कुणाला म्हणून नाही सांगितलं. चक्कर येऊन जिन्यात पडले तेव्हा डॉक्टरनं रक्त तपासलं, तर अंगात रक्तच उरलं नव्हतं. आपल्याला औषध घ्यायची लाज नाही वाटत बघ. विचारायची वाटते. उठा दोघी."

दुपारीच कॉलरबाई आणि धाकटी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरबाईंनी धाकटीचा रक्तदाब घेतला, खोदून खोदून प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "ही गोळी आजपासून बंद. डोकेदुखीच्या आधी ज्यांना अशा रेषा दिसतात, त्यांनी या प्रकारची गोळी घ्यायची नसते. मेंदूचा रक्तपुरवठा अडण्याचा धोका वाढतो. वेळेवर आलात. तुला चालतील असे दुसरे उपाय आहेत, ते आपण बघू. तोवर नवऱ्याला निरोध वापरायला सांग. आणि डोकेदुखीच्या डॉक्टरांसाठी मी चिठ्ठी देते, त्यांनाही दाखव. कुणी लिहून दिल्या होत्या या?"

धाकटीनं कॉलरबाईकडे चोरून बघितलं.

"मी दिल्या," कॉलरबाई म्हणाली.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी तिचंही सगळं ऐकून घेतलं. "या इंजेक्शननं मधेच डाग पडतात, पुढे पाळी थांबूही शकते. काहींचं वजन वाढतं, काहींना चिडचिड जाणवते. तुमचं कशानं आहे ते तपासूनच सांगेन. पटत नसेल तर पुढचं घेऊ नका, पण मनानं बंद करून गप्प बसू नका. त्याऐवजी काय, ते आधी ठरवू. नवऱ्यालाही आणा."

दोघी परतल्या तेव्हा व्यवस्थापक दारातच उभे होते. "कामाच्या वेळेत कुठं होतात?"

"दवाखान्यात," कॉलरबाई म्हणाली. "माझ्या गर्भनिरोधक गोळ्या मी हिला दिल्या होत्या. त्यांचा हिला त्रास झाला, म्हणून कॉलरी बिघडल्या. हिची चूक नाही, माझी आहे. कॉलरी मी उसवून देते."

साहेबांची नजर जमिनीवर गेली. "अहो, जरा हळू बोला."

"हळू बोलूनच ही वेळ आली, साहेब."

सगळी लाइन थांबली होती. धाकटी आपल्या यंत्रावर जाऊन बसली आणि कुणी तिला उठवलं नाही. ती चिठ्ठी मावशींच्या खिशातच राहिली होती. सुटीच्या वेळी लाइनमधल्या तिघी कॉलरबाईजवळ आल्या आणि त्या डॉक्टरबाईंचा पत्ता विचारू लागल्या. तिघींनाही काही ना काही होत होतं, आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपल्यालाच होतंय.

घरी गेल्यावर कॉलरबाईनं नवऱ्याला समोर बसवून सगळं सांगितलं. "मला काय कळतंय त्यातलं," तो सवयीनं म्हणाला.

"मलाही कळत नव्हतं. मूल नको हे दोघांनी ठरवलं, मग त्रास काय तो मी एकटीनं सोसायचा? परवा माझ्याबरोबर ये."

"मला वाटायचं, तू माझ्यावरच वैतागली आहेस," तो म्हणाला. मग त्यानं किती वाजता जायचं ते विचारलं.

मंडळी, एकीला मानवलेलं औषध दुसरीला मानवेलच असं नाही, आणि अंगात झालेला बदल लपवला म्हणून थांबत नाही. तो बोलायचा, डॉक्टरला सांगायचा, आणि नवऱ्यानं कान देऊन ऐकायचा. उद्या एखादी मैत्रीण मायेनं तिच्याकडचं पाकीट पुढे करील, तेव्हा ते घेऊ नका. दवाखान्यापर्यंत तिची सोबत मागा.