पेल्याची नक्षी

पंपतात्यांचा वर्तमानपत्रावर काडीचा विश्वास नव्हता, पण वर्तमानपत्राशिवाय चहा घशाखाली उतरत नव्हता. एकतीस वर्षं त्यांनी शहराच्या पाणीपुरवठ्याचा पंप चालवला होता. निवृत्तीनंतरही सकाळी सहाला नळ आला की आधी ओंजळभर पाण्याचा वास घ्यायचे आणि मग पेपर उघडायचे. दोन्हींत कोण काय मिसळेल सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. पहिलं पान ते उभ्याउभ्याच उरकत, कारण तिथे रोज कोणीतरी मंत्री फीत कापत असे. बसत ते पाचव्या पानाला. तिथे वाचकांची पत्रं असत आणि त्यांत तात्यांची स्वतःची चारशेच्या वर छापून आली होती.

त्या मंगळवारी पाचव्या पानावर पाण्याविषयीच एक पत्र होतं. पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे द्यायचं घाटत होतं, त्याच्या बाजूने. खाली ‘एक ज्येष्ठ नागरिक’ अशी सही. तात्यांनी नाक मुरडलं आणि वाचायला घेतलं.

‘आमची आजी म्हणायची,’ ज्येष्ठ नागरिक लिहीत होता, ‘तहानलेल्याला पेल्याची नक्षी दाखवू नये. नळाला पाणी आल्याशी मतलब. नळ सरकारचा की कंपनीचा, ही नुसती नक्षी.’

तात्यांचा चहा निवला. ही म्हण कुठल्या पुस्तकात नव्हती, कुणाच्या तोंडीही नव्हती. ती फक्त तात्यांच्या पत्रांत होती. टंचाईच्या दिवसांत रिकाम्या टाकीवर स्वतःचे फलक लावणाऱ्या पुढाऱ्यांना त्यांनी ती कितीदा तरी ऐकवली होती. आता तीच म्हण उलटी करून त्यांच्याच तोंडावर मारली होती.

“म्हण तर उचललीच,” ते बायकोला ओरडून म्हणाले, “वर आजीसुद्धा उचलली!”

“कुणाची आजी?” ती आतून म्हणाली, पण तात्यांचं लक्ष नव्हतं. मनात शंकेची पाल चुकचुकली होती, आणि तात्यांच्या मनातली पाल एकदा चुकचुकली की भिंत सोडत नसे.

पुढच्या दहा दिवसांत आणखी चार पत्रं आली. एक गृहिणीचं, एक शिक्षकाचं, एक डॉक्टरचं आणि एक ‘तरुण उद्योजका’चं. चौघांनाही पाणी कंपनीला देऊन टाकायची भारी घाई. चौघंही सुरुवातीला एक खोचक प्रश्न विचारत आणि शेवटी ‘बाकी सुज्ञ वाचक जाणतातच’ म्हणून हात झटकत. हे तात्यांचंच बिऱ्हाड होतं, फक्त दारावरची पाटी बदललेली. तरुण उद्योजकाने तर ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ असंही लिहिलं होतं.

तात्यांचा पहिला संशय गेला तो फोरमनवर. फोरमन म्हणजे पाणी कामगारांच्या संघटनेचा अध्यक्ष, तात्यांचा चाळीस वर्षांचा मित्र. आपलंही नाव पाचव्या पानावर यावं असं त्याला फार वाटे आणि त्याला साधा रजेचा अर्ज धड लिहिता येत नसे. फितला असेल. हल्ली कोण कधी फितेल, काय भरवसा? उद्या जाऊन विचारायचंच, असं तात्यांनी ठरवलं. पण त्याआधी फोरमनच घरी आला. त्याने चप्पल काढली नाही. खिशातून पाचही कात्रणं काढून टेबलावर ठेवली.

“तात्या, तुला कोणी फिरवलं?”

“मला?” तात्यांना हसावं की रडावं कळेना. “अरे, मी तुझ्यावर संशय घेऊन बसलोय!”

“माझ्यावर? मला चार ओळी येतात का जुळवता?” फोरमनचा आवाज चिरकला. “तुझी भाषा मी डोळे मिटून ओळखतो. नावं बदलून लिहितोयस. अख्खी संघटना तेच म्हणतेय. सोमवारी पाण्याची सुनावणी आहे. आपलं निवेदन दर वेळी तू लिहितोस. या वेळी नाही.”

“आणि लिहिणार कोण?”

“कुणीही. निदान आमचा तरी असेल. उद्या सकाळी दहाला बैठक आहे. तुला काही सांगायचं असेल तर सगळ्यांसमोर सांग. नसेल तर येऊ नकोस.”

तो गेला. दार बायकोने लावलं. तात्या कात्रणांकडे बघत बसले. पंप जळाला तेव्हा नऊ दिवस ते आणि फोरमन एका सतरंजीवर झोपले होते. तो माणूस आज चप्पल न काढता बोलून गेला, हे त्यांना फार लागलं.

आता संशयाला दुसरी वाट उरली नव्हती. तो घराकडे वळला. तात्यांची मुलगी त्याच वर्तमानपत्रात पानं लावण्याच्या कामावर होती. दर शनिवारी दुपारी ती माहेरी येई, आल्याआल्या बापाशी राजकारणावरून भांडे आणि मग पोटभर जेवे. गेले दोन शनिवार ती भांडली नव्हती. उलट चहा छान झालाय म्हणाली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मनाशी म्हणत तात्यांनी त्याच शनिवारी दुपारी ती पाच कात्रणं तिच्या ताटाजवळ मांडली.

तिने ती वाचली नाहीत. म्हणजे आधीच वाचलेली होती.

“बाबा, मी सांगणार होते.”

“कधी? सुनावणी झाल्यावर?”

तिने पाण्याचं भांडं बाजूला सरकवलं. मग सांगू लागली. तात्यांना सत्तरावं लागणार, म्हणून त्यांच्या सगळ्या पत्रांचं पुस्तक करून द्यायचं तिच्या मनात होतं. कचेरीतलं यंत्र मोठं, म्हणून जेवणाच्या सुट्टीत ती एकेक पत्र तिथे स्कॅन करून आपल्या कॉम्प्युटरवर ठेवत गेली. आणि मालकांनी नवीन प्रणाली आणली होती, आपोआप लिहिणारी. कचेरीच्या कॉम्प्युटरवर जे असेल ते सगळं ती प्रणाली वाचून काढते आणि त्यावरून शिकते.

“आणि ही पत्रं?”

“जाहिरात विभागातून मागणी येते. मी कागद पाहिलाय. ‘पाणी प्रकल्प, अनुकूल पत्रं, वीस. सूर वयस्कर, विश्वासार्ह.’” तिचा आवाज बारीक झाला. “तसा सूर तिथे एकाच माणसाचा होता.”

वीस! म्हणजे पंधरा अजून यायची होती. तात्या ताडकन उठले. “आत्ता लिहितो. मालकाचं, कंपनीचं, सगळ्यांचं पितळ उघडं पाडतो!”

“पाडा,” ती म्हणाली. “तुमची जुनी पत्रं माझ्याच कॉम्प्युटरवरून त्या प्रणालीत गेली, हे त्यांना पाच मिनिटांत कळेल. मला काढतील. पण तुम्ही लिहा. मी नाही म्हणणार नाही.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. तात्या मटकन खाली बसले. “माझे शब्द,” ते म्हणाले. “जन्मभर घासूनपुसून ठेवलेले. न विचारता नेले आणि माझ्याच विरोधात जुंपले. ही चोरी नाही तर काय?”

“चोरीच,” बायको म्हणाली. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. “फक्त आजी कुणाची, ते तेवढं सांगा.”

“आता हे काय मध्येच?”

“टंचाईच्या वर्षी मी टँकरच्या रांगेत उभी होते. तीन तास. तो नगरसेवक स्वतःच्या फोटोचे पेले वाटत फिरत होता, रिकामे. मी त्याला म्हटलं, तहानलेल्याला पेल्याची नक्षी दाखवू नये. घरी येऊन तुम्हाला सांगितलं. आठवड्याने तुमच्या पत्रात वाचलं, ‘आमची आजी म्हणायची.’”

तात्यांनी पहिलं कात्रण पुन्हा उचललं. बायकोचं वाक्य म्हणून लिहिलं तर लोक हसतील, असं तेव्हा त्यांना वाटलं होतं. नंतर तर ते आजीचंच आहे, असं त्यांना स्वतःलाही वाटू लागलं.

“मी काही बोलले नाही,” ती म्हणाली, “पण मला ते आवडलं नव्हतं.” पाणी न पिताच तिने भांडं विसळून पालथं घातलं.

रविवारी बैठकीला तात्या गेले. बायकोला त्यांनी बरोबर चल म्हटलं तेव्हा तिने कारण विचारलं नाही, साडी बदलली. संघटनेच्या खोलीत पन्नासेक माणसं होती. एरवी तात्यांसाठी पुढची खुर्ची रिकामी असे. आज तिच्यावर कोणीतरी पिशवी ठेवली होती.

“ती पत्रं मी लिहिलेली नाहीत,” तात्या उभ्यानेच म्हणाले. “माझी जुनी पत्रं एका यंत्राला खाऊ घातली आणि यंत्राकडून ही लिहून घेतली. कोणाच्या हातून गेली, ते मी सांगणार नाही. मला काढायचं तर काढा.”

कुजबुज झाली. फोरमन म्हणाला, “यावर विश्वास कसा ठेवायचा?”

“नका ठेवू. मीही ठेवला नसता.”

फोरमनने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग पिशवी उचलून खाली ठेवली आणि कागद पुढे सरकवला. “बस. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निवेदन लिही.”

तात्यांनी पेन उघडलं. पहिलं वाक्य आलं, खोचक प्रश्नाचं. ते त्यांनी खोडलं, कारण गृहिणीनेही तसंच सुरू केलं होतं. दुसरं आलं, तेही खोडलं. जे सुचे ते आधीच कोणीतरी वापरलेलं वाटे. एवढ्या वर्षांत त्यांनी मंत्र्यांवर, मालकांवर, पेपरावर, पाण्यावर संशय घेतला होता. स्वतःच्या वाक्यावर घ्यायची वेळ पहिल्यांदाच आली, आणि त्यांचा हात थांबला.

त्यांनी मान वळवली. बायको भिंतीशी उभी होती.

“तू सांग,” ते म्हणाले. “मी लिहितो.”

“मी? मला काय येतं त्यातलं?”

“कंपनीला पाणी देऊ नये, असं तुला वाटतं ना? का वाटतं, तेवढं सांग.”

तिने पदर खांद्यावर घेतला. “नळाला पाणी आलं नाही की मी पंपावर जाऊन ओरडायचे,” ती म्हणाली. “नवऱ्यावरच. सगळ्या बायका ओरडायच्या. हे खाली मान घालून पाना घेऊन निघायचे. कंपनी आल्यावर पाणी गेलं, तर आम्ही कुठे जाऊन ओरडायचं? फोनवर बाई म्हणेल, एक दाबा, दोन दाबा. तिच्यावर ओरडून पाणी येतं का?”

मागे कोणीतरी हसलं आणि मग बरेच जण हसले. तात्या हसले नाहीत, ते लिहीत होते, एक शब्द इकडचा तिकडे न करता. ती बोलत गेली. शेवटी म्हणाली, “आणि ते पेल्याचं पण घाला. पण नीट घाला.”

तात्यांनी ते घातलं. आजी घातली नाही.

कागद फोरमनकडे गेला. त्याने सावकाश, ओठ हलवत वाचला. “हे तुझं नाही,” तो म्हणाला.

“नाही,” तात्या म्हणाले, “हिचं आहे.” आणि पेन बायकोच्या हातात दिलं.

तिने आधी हात पदराला पुसला. मग कागदावर वाकून आपलं पूर्ण नाव लिहिलं, एकेक अक्षर सुटं आणि ठळक. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती, पण तिची सही तात्यांनी आजवर फक्त बँकेच्या अर्जावर पाहिली होती, तीही स्वतः बोट ठेवून दाखवलेल्या जागी. आज त्यांनी बोट ठेवलं नाही.