एकतीस टक्के

"तिचा अर्ज तिलाच भरू द्या हं. शेजारी बसा हवं तर, पण हात लावू नका," शाळेतल्या प्रवेश-सल्लागार बाईंनी बजावलं होतं. टिटवीच्या आईने तिथे मान डोलावली आणि घरी येऊन नवऱ्यापुढे नाक मुरडलं. "पोरीला दुधाखालचा गॅस बंद करायची आठवण राहत नाही, आणि म्हणे अर्ज भरू द्या!"

टिटवी हे घरातलं नाव. लहानपणी घर डोक्यावर घ्यायची म्हणून पडलेलं. आईला ती विसाव्या वर्षी झाली. आईने पदवीचा अभ्यास केला तो तिला मांडीवर थोपटत, आणि मिळालं त्या पहिल्या कामाला चिकटली. चष्म्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलायची आणि विचारायचं, "आता बरं दिसतंय की मघाशी?" पोरीचं असं काही होऊ नये, एवढाच तिने ध्यास घेतला होता.

मोबाइलवर आईला एक साइट सापडली. मार्क, छंद, आईबापांचं शिक्षण घातलं की कुठल्या कॉलेजात प्रवेशाची किती शक्यता, ते सांगणारी. टिटवीला दगडांचं वेड. भूगर्भशास्त्र शिकायचं आणि तेही डोंगराजवळच्या कॉलेजात, हे तिचं आठवीपासूनच पक्कं. तिथे शक्यता सहा टक्के. शहरातल्या नावाजलेल्या कॉलेजात, जिथे त्या विषयाचा पत्ताच नव्हता, अकरा. दुकानात गर्दी नसली की आई आकडे खालीवर करत बसायची.

"हवामान खात्यावर इतका विश्वास ठेवला असतास," नवरा म्हणायचा, "तर काल छत्री तरी नेली असतीस."

मग एकदा तिला शहरातल्या कॉलेजाखाली एक चौकोन दिसला. 'निवड झाल्यास मी इथेच येईन, बाकीचे अर्ज मागे घेईन.' टिक केलं की अकराचे एकतीस व्हायचे. तिने नीट वाचलं. दोनदा वाचलं. आणि त्या कॉलेजाच्या खऱ्या अर्जावरही टिक केलं. एकतीस म्हणजे न होण्याचीच शक्यता जास्त, अशी स्वतःची समजूत घातली. आणि झालंच, तर पोरगी कुठेतरी लागली तरी.

टिटवी तेव्हा बूट चढवत होती. बस कोपऱ्यावर आलेली.

"इथे सही कर गं, पटकन."

टिटवीने एका पायावर उभं राहून स्क्रीनवर बोट फिरवलं आणि पळाली.

काल दुपारी उत्तर आलं. निवड झाली होती. आई आनंदाने ओरडली. टिटवीने मात्र पत्र शेवटपर्यंत वाचलं.

"मी कबूल केलं होतं? कधी?"

"अगं, तुझ्या भल्यासाठीच..."

"मी वाचलंच नव्हतं, आई. तू दिलंस म्हणून."

आईने घाईघाईने बाईंना फोन लावला. "मोडता येईल," बाई म्हणाल्या, "पण अर्जावर शाळेचाही शिक्का आहे. आपण शब्द फिरवला, तर पुढच्या वर्षी आपल्या मुलांचे अर्ज ते उघडणारसुद्धा नाहीत. खालच्या वर्गात बत्तीस पोरं आहेत. त्यांना मी काय सांगू?"

"चूक माझी आहे हो, तिची नाही."

"कळतंय मला. पण सही तिची आहे."

फोन स्पीकरवर होता. "नका मोडू, बाई," टिटवी म्हणाली. मग तिने एकेक करून बाकीचे अर्ज मागे घेतले. डोंगराजवळचा सगळ्यात शेवटी. रडली असती, भांडली असती, तर आईला काहीतरी करता आलं असतं.

आज सकाळपासून अभिनंदनाचे फोन चालू आहेत. "पोरीने नाव काढलं!" मामा म्हणाला. "थँक्यू मामा," टिटवी म्हणाली, इतकं गोड, की आईने वळून तिच्याकडे पाहिलं. ही पोरगी मामाला 'ए टकल्या' म्हणते. त्यानंतर तिच्या खोलीचं दार लागलं ते लागलंच. आईने पाच वेळा वाजवलं. पाचही वेळा आतून तोच आवाज, त्याच पट्टीत: "मी ठीक आहे, आई." बाबालाही तेच. आई दाराबाहेर जमिनीवर बसून आहे. तिला माहीत आहे, आपण विचारू तोवर टिटवी आपल्याला वाईट वाटू नये असंच उत्तर देणार.

म्हणून एक विनंती. तुमच्यापैकी कुणाकडे टिटवीचा नंबर असेल, तर संध्याकाळच्या आत तिला फोन करा. अभिनंदन नका करू. आईने सांगितलं असंही नका म्हणू. नुसतं विचारा, कशी आहेस. आणि ती 'ठीक' म्हणाली, तर लगेच फोन ठेवू नका.