बारा वाजायच्या आधीचं बिगूल

तीन वर्षं चाललेली लढाई आज दुपारी बारा वाजता थांबणार होती. बारा म्हणजे बाराच. लांब कुठल्याशा शहरात टेबलाभोवती बसून मोठ्या माणसांनी तसं ठरवलं होतं. बाबांनो, थांबवायचीच होती तर न्याहारीच्या वेळेला थांबवली असतीत तर तुमच्या बापाचं काय गेलं असतं? पण हे विचारणार कोण?

तोरिबिओ ओवेलार मात्र सकाळपासून हेच विचारत होता, आणि चांगलं मोठ्यानं. तो पाराग्वेच्या पायदळातला बिगूलवाला. चाकोच्या काटेरी रानात त्याच्या कंपनीचा खंदक होता आणि समोर ऐंशी पावलांवर बोलिव्हियाचा. बातमी दोन्हीकडे पोचलेली. एरवी माणसं गप पडून राहिली असती. पण उरलेल्या गोळ्या घरी वाहून कशाला न्यायच्या, म्हणून दोन्हीकडून नुसता भडिमार चालला होता. शेवटच्या दिवशी माणसाला असली दुर्बुद्धी सुचते खरी.

आणि त्या ऐंशी पावलांच्या मधोमध तोरिबिओचा धाकटा भाऊ पोलिकार्पो पडला होता.

पहाटे टेहळणीवरून परतताना त्याच्या मांडीत गोळी घुसली होती. कसाबसा सरपटत तो एका आडव्या पडलेल्या झाडाच्या आडोशाला गेला, तो तिथंच. त्याला आणायला गेलेल्या एकाच्या खांद्याची चाळण झाली. दुसऱ्यांदा तोरिबिओ स्वतः निघाला, तर सोबत्यांनी त्याचे पाय धरून त्याला मागं ओढलं. तेव्हापासून तो खंदकातून हाका मारत होता.

"पोली! जागा आहेस ना?"

"आहे, दादा."

"आईनं पत्रात काय आणायला सांगितलंय, सांग बघू."

"सुया... आणि तुझ्यासाठी बायको."

सगळा खंदक हसला. तोरिबिओही हसला. पण ही दहा वाजताची गोष्ट. पुढं उत्तरं उशिरा यायला लागली. मग एकदा कितीतरी वेळ काहीच आलं नाही, आणि आलं ते असं:

"दादा, थंडी वाजतेय रे."

भर उन्हात पडलेल्या माणसाला थंडी वाजत होती. तीन वर्षांत तोरिबिओनं ही थंडी बऱ्याच जणांना वाजलेली पाहिली होती, आणि त्यातला एकही घरी गेला नव्हता.

तो लेफ्टनंट इन्स्फ्रानकडे गेला. साहेब बावीस वर्षांचा, वकिलीचं शिक्षण अर्धवट सोडून आलेला.

"साहेब, किती वाजले?"

"अकरा वीस. चाळीस मिनिटं राहिली, ओवेलार. धीर धर."

"मी धरीन हो धीर. रक्त कुठं धरतंय? बारा वाजता उचलायचा म्हणजे बैल गेला नि झोपा केला! साहेब, मी आत्ताच बिगूल वाजवतो."

"वेड लागलंय का तुला? आपली पोरं बिगूल ऐकून उड्या मारत बाहेर येतील आणि समोरचे त्यांना टिपून काढतील. वीस आया रडतील. त्यांना काय सांगणार तू?"

साहेबाचं खरं होतं, तेच तर वाईट होतं. एका भावासाठी वीस जणांचे भाऊ मारायचे, हे त्याच्या आईलासुद्धा पटलं नसतं. तो खाली बसला. बिगूल मांडीवर घेऊन त्यानं पुन्हा हाक मारली. उत्तर आलं नाही.

तेव्हा तो उठला. खंदकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, शत्रूला ओ की ठो कळत नाही अशा आपल्या ग्वारानी बोलीत ओरडला:

"ऐका रे सगळ्यांनी! मी आता बिगूल वाजवणार आहे आणि ते खोटं आहे! बारा वाजलेले नाहीत! गोळ्या बंद करा, पण डोकं कुणी वर काढायचं नाही. काढलंत तर आईशप्पथ, मीच फोडीन! बाहेर मी एकटा जाणार!"

"ओवेलार, खबरदार!" साहेबानं पिस्तूल काढलं. पण तोवर तोरिबिओ वर चढलासुद्धा.

अनवाणी पायांनी तो मातीच्या ढिगावर उभा राहिला. शूर वगैरे काही नाही, त्याचे गुडघे लटलट कापत होते. ओठ इतके कोरडे पडलेले, की पहिला सूर गाढव ओरडावं तसा निघाला. खाली कुणीतरी फिसकन हसलं. त्यानं ओठांवरून जीभ फिरवली, डोळे मिटले आणि पुन्हा फुंकलं. या खेपेला नीट लागलं. गोळीबार बंद, गोळीबार बंद.

पाराग्वेच्या बंदुका थांबल्या. समोरून दोन गोळ्या आल्या. एकीनं त्याच्या पायाजवळची माती उडवली. मग शांतता. इतकी शांतता, की त्याला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला. आता मारतात की मग मारतात, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

आणि समोरच्या खंदकातून बिगूल वाजलं. तेच सूर, तीच धून.

तोरिबिओ धावला. काटे, तारा, कशाचंही भान नव्हतं; दोनदा अडकून पडला. झाडाशी पोचला तर दुसऱ्या बाजूनं एक ठेंगणा बोलिव्हियावाला आधीच येऊन बसला होता. बगलेत बिगूल, आणि हातानं तो पोलिकार्पोच्या मांडीवर स्वतःचा कमरपट्टा आवळत होता.

"धर इथं, अनवाण्या!" तो दोघांनाही कळणाऱ्या स्पॅनिशमध्ये ओरडला. "बघत काय बसलास? घट्ट धर!"

तोरिबिओनं धरलं. पोलिकार्पोचा चेहरा मेणासारखा झाला होता, पण नाकपुड्या हलत होत्या.

"जिवंत आहे," तो म्हणाला, आणि ढसाढसा रडायला लागला.

"आहे ना? मग रडतोस कशाला?" त्या माणसाचं नाव फोर्तुनातो चोके. पट्टा आवळता आवळताच तो सांगत होता, "कॅप्टनकडं घड्याळ आहे. मी विचारलं, साहेब, बारा वाजले का? त्यानं घड्याळ पाहिलं, मग तुझ्याकडं पाहिलं. म्हणाला, एवढा घाबरलेला माणूस एकटा वर उभा आहे, म्हणजे वाजले असतील. वाजव."

तेवढ्यात मागून एक झोळी घेऊन लेफ्टनंट इन्स्फ्रान आला. पिस्तूल म्यानात गेलं होतं.

"तुला गोळी घालायला हवी होती," तो तोरिबिओला म्हणाला. "पाय उचल त्याचे. हळू."

दोघं इकडचे, एक तिकडचा, अशी झोळी उचलून त्यांनी पाराग्वेच्या खंदकामागं झाडाखाली आणली. मलमपट्टीवाल्यानं जखम बांधली, गोड पाणी थेंब थेंब पाजलं. रानाच्या त्या वळणावर आता कुणी कुणाला मारत नव्हतं. शेजारच्या वळणांवर मात्र धडधड चालूच होती. तिथं त्या चाळीस मिनिटांत माणसं मेली, आणि ती मरायला नको होती.

मग साहेबानं घड्याळ पाहिलं. त्याचा चेहरा उतरला.

"बारा वाजतायत. पलटण कान देऊन बसली असेल. आपलं बिगूल ऐकू आलं नाही, तर चौकशी लागेल. ओवेलार, पुन्हा वाजव."

"आमचीही चौकशी लागेल की!" म्हणत फोर्तुनातोही उठला.

दोघं शेजारी शेजारी उभे राहिले आणि वाजवायला लागले. दूरवर एकेक करून दुसरी बिगुलं लागत गेली, बंदुका थांबत गेल्या. तोरिबिओला मधेच हुंदका आला, श्वास तुटला. फोर्तुनातोनं सूर सोडला नाही. तोरिबिओचाही वाटा त्यानंच ओढला.

झोळीतून बारीक आवाज आला.

"दादा... मघाशी वाजवलंस ना? किती वेळा थांबवतोस रे ही लढाई?"

तोरिबिओनं बिगूल खाली घेतलं, नाक पुसलं.

"तू घरी पोचेपर्यंत," तो म्हणाला. "आता गप पड."