मागचे दोघं

"मागचे दोघं बोलूनच नाही राह्यले," बाबा टेबलाखालून म्हणाले.

मी नुकतीच शाळेतून आले होते. दारातून मला त्यांचे तळपाय तेवढे दिसत होते आणि शेजारी फरशीवर ठेवलेला चष्मा. कॉम्प्युटर अपूर्वनं, माझ्या धाकट्या भावानं, उन्हाळ्यात कुरिअरनं पाठवला होता. आता पुण्याहून त्यानं स्पीकर पाठवले होते. पाच लहान आणि एक मोठा, घुमणारा. दोन पुढे, एक मधे, दोन मागे. बाबांनी टेपनं अंतर मोजून वेताची खुर्ची बरोबर मधोमध ठेवली होती. एकच खुर्ची.

"मी पाहू का?"

"तुले नाही समजन त्यातलं. अपूर्वले विचारतो."

बाबा मध्य प्रदेशात, बैहरच्या जंगल खात्यात बावीस वर्षं बाबू होते. स्पीकरसोबत नमुन्याची एक सीडी आली होती, तिच्यात वाळल्या पानांवरून कुणीतरी चालत जाई. पावलं डावीकडून समोर येत, उजवीकडे सरकत आणि तिथंच नाहीशी होत. बाबा मान वळवून मागच्या भिंतीकडे पाहत वाट बघायचे. मधला स्पीकरही मुकाच होता, पण त्याचं त्यांना काही नव्हतं.

"जंगलात पुढून आवाज आला तं माणूस पाह्यते तरी," ते म्हणायचे. "कामाचा आवाज मागूनच येते."

मंगळवारी ते दूध आणायला गेले असताना मी कॉम्प्युटरबरोबर आलेली पुस्तिका काढली. इंग्रजी होती. बाबांचं इंग्रजी अर्जापुरतं, असं आम्ही दोघं भावंडं धरून चालायचो. एकतिसाव्या पानावर सगळं होतं. डब्यामागच्या तीन भोकांपैकी फक्त हिरव्यातून आवाज बाहेर येतो. पडद्यावर 'सहा चॅनल' निवडलं की निळं आणि गुलाबीही बोलू लागतात. बाबांच्या वायरी बरोबरच होत्या. राहिलं होतं ते एक बटण दाबायचं.

मी पानाचा कोपरा दुमडला. संध्याकाळी सांगू, म्हटलं.

संध्याकाळी ते फोनवर होते. "हौ रे, पुढचे मस्त बोलतात. मागचे मुकेच. वैदेही? ती काय करन, तिचं शाळेचंच तिले होत नाही. तूच ये दिवाळीले. तुह्या हातानंच होईन ते."

मी पुस्तिका खणात परत ठेवली आणि भाकरी टाकायला गेले.

मला हेवा वाटत होता. आज हे लिहायला कुणाची भीती नाही. त्यांची सकाळची गोळी मी काढून देत होते, डोळ्यांत थेंब मी घालत होते, आणि हात मात्र अपूर्वचा होता. म्हटलं, थांबू दे त्यांना. महिनाभर मी त्यांना टेबलाखाली वाकताना पाहिलं. प्रत्येक वेळी उठताना ते गुडघ्यावर हात ठेवून क्षणभर थांबायचे. मी वह्या तपासत राहायचे.

शेजारचे हिरालालकाका रोज कुंपणावरून विचारायचे, "क्या त्र्यंबकराव, बोलले का मागचे? का अजून हडताल पे हाय?"

"साहेब येऊन राह्यले ना पुण्याहून," बाबा म्हणायचे. "मंग सगळेच कामावर येतात."

चार रविवार त्यांनी फोनवर तेच सांगितलं. मागचे बोलत नाहीत, मले जमत नाही, तू ये.

अपूर्व गोंदियाहून जीपनं आला. दोन वर्षांत पहिल्यांदाच. चहाचा कप हातात धरून त्यानं पडद्यावर काहीतरी निवडलं. पाच मिनिटंही लागली नसतील. पावलं डावीकडून आली, समोरून गेली, उजवीकडे वळली आणि बाबांच्या पाठीमागून चालत निघाली. बाबांनी डोळे मिटून घेतले. मी स्वयंपाकघराच्या दारात चकलीचा सोऱ्या घेऊन उभी होते. मागचा डावा स्पीकर माझ्या डोक्यावरच ठोकलेला होता. माझ्या कानाशी पानं कुरकुरली.

"हिरालाल, या इकडं," बाबांनी हाक मारली. "पाहा, पोरानं बोलवले."

फेब्रुवारीत बाबा गेले. सकाळी, पेपर हातात असताना.

तेरावं झाल्यावर अपूर्व बॅग भरत होता. "ताई, स्पीकर तूच ठेव," तो म्हणाला. "एवढं साधं होतं गं ते. बाबांना शेवटपर्यंत समजलं नाही."



तो गेल्यावर मी बाबांचे कागद लावायला बसले. त्यांची दफ्तरातली सवय घरीही सुटली नव्हती. वाचलेल्या प्रत्येक कागदावर ते समासात पेन्सिलीनं हिंदीत 'देखा' लिहायचे, खाली तारीख आणि 'त्र्यं.' लग्नपत्रिकांवर, औषधाच्या चिठ्ठ्यांवर, माझ्या चौथीच्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा.

कॉम्प्युटरची ती पुस्तिका तळाशी होती. एकतिसावं पान मला शोधावं लागलं, कारण दुमडलेला कोपरा कुणीतरी उलगडून नखानं सपाट केला होता. पुस्तकांचे कान मुरगाळू नको, हे बाबा मला लहानपणापासून सांगत आले होते. त्या सुरकुतीशेजारीच बारीक अक्षरात लिहिलं होतं:

देखा. 14.10.04. त्र्यं.

मी वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी नाही, तर तिसऱ्या. गुरुवार. त्यानंतरचे चारही रविवार बाकी होते.

मी फोनजवळ उभे असलेले बाबा आठवून पाहिले. मले जमत नाही, असं सांगताना ते कुणाकडे पाहत होते, ते आठवेना. मी तेव्हा वह्यांतून मान वर केलीच नव्हती.

वेताची खुर्ची तिथंच होती. तिच्यात न बसता मी टेबलावरची त्यांची पेन्सिल घेतली. त्यांच्या ओळीखाली 'देखा' लिहिलं, खरी तारीख टाकली, 12.10.04, आणि कोपरा होता तसा सपाटच ठेवला.