ड्यूटीचा वास

तुळईच्या पोटाला एक काळा थेंब आला होता — वाटाण्याएवढा, चकचकीत, पडेल पडेल म्हणता न पडणारा — आणि मान वर करून त्याच्याकडे पाहता पाहता इरावतीच्या मनात आलं, दर मे महिन्यात हे लाकूड असंच पाझरत असणार, आणि बाबा खाली पलंगावर पेपर वाचत असणार.

शिडीवरच्या राकेशने, सुताराने, पेचकस खुपसून पाहिला. टोकसुद्धा आत जाईना. मग मुठीने ठोकलं. खणखणीत.

"सरई आय दीदी. सौ साल ले कुछु नइ होवय. हमन चल देबो, एहा रइही."

"ऐकलं? सालाचं लाकूड, शंभर वर्षं काही होत नाही म्हणते!" अभिनव, तिचा धाकटा भाऊ, हसला. गुढ़ियारीचं हे घर पाडायचं ठरलं होतं. बाबांच्या खोलीतल्या चार तुळया त्याला शंकर नगरच्या नव्या घरात, त्याच्या मुलीच्या, गंधालीच्या खोलीत बसवायच्या होत्या. "पोट्टी आजोबांच्या लाकडाखाली झोपंल. तू फक्त हो म्हण ताई. काहून इतकी पाहून राहिली?"

लाकूड मजबूत होतं. मजबुतीची शंका कुणालाच नव्हती... तेव्हाही नव्हती. रेल्वेने रुळांखाली सिमेंटचे स्लीपर घातले, जुने लाकडी लिलावात निघाले, आणि रुळांवर सगळी नोकरी काढलेल्या बाबांनी चार निवडून आणले. लोक त्यांचं कुंपण करत. बाबांनी छत केलं. वास यायचा, डांबरासारखा, डोळ्यांत चुरचुरणारा. आईचं डोकं दुखे. "ड्यूटीचा वास आहे हा," बाबा म्हणाले होते, "मले तर झोप लागते याच्यानं. तरी पोरीले विचार, ते रसायन शिकवते." आणि इरावती, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यातून मान वर न करता — "काही होत नाही बाबा. जाईल वास."

माहीत होतं मला, ती आता स्वतःशी म्हणाली. वाळवी लागू नये म्हणून स्लीपरला कसलं तेल पाजतात, तापल्यावर त्याची वाफ कुठे जाते... माहीत होतं, फक्त त्या क्षणी मी ते आठवण्याची तसदी घेतली नाही.

बाबा गेले ते फुप्फुसं सुकून, डॉक्टर म्हणाले; नेमकं कारण सांगता येत नाही. त्या 'सांगता येत नाही'वर ती आठ महिने जगली होती. वय, रुळांवरची धूळ, सिलतऱ्याच्या कारखान्यांचा धूर — कारणं पुष्कळ होती, आणि त्यांतल्या प्रत्येकाची ती मनातून ऋणी होती.

"बोल ना ताई."

"नको. घरात नको लावू. विष असतं यात. जाळायलाही देऊ नको कुणाला."

"विष?" तो अजून हसतच होता. "बाबा तर अकरा वर्षं झोपले याच्याखाली."

मग त्याने वर पाहिलं, मग तिच्याकडे. त्याला बाबांचं ते विचारणं आणि तिचं उत्तर आठवलं की नाही, तिला कळेना. राकेश खाली उतरून शिडी मिटवू लागला.

रोज दिवा लावताना ती बाबांना मनातल्या मनात दिवसभराचं सांगत असे, आणि ते कुठेतरी ऐकत असतात, एवढ्यावरच गेले आठ महिने निभावले होते. आता पहिल्यांदा तिला वाटलं, गेलेल्यांना काही कळत नसलं तर बरं. काही म्हणजे काहीच... आणि ती उभ्या जागी, डोळे मिटून, तेवढंच मागत राहिली.