कुठल्या सालची नळी

गिरधर आबा यावलहून जळगावला आले होते ते पेटंटच्या कामासाठी. काम बघणारी कामिनी पोरगी हुशार, पण आज तिचं बोलणं आबांना सरळ वाटेना.

केळीच्या बागेतली ठिबकची नळी जोडायला आबांनी एक जॉइनर बनवला होता. पाण्याचा जोर वाढला की त्याची पकड आणखी घट्ट व्हायची. अर्जात त्यांनी हट्टानं लिहून घेतलं होतं : ‘वेळोवेळी जे सरकारी मानक चालू असेल, त्या मानकाच्या नळीवर बसणारा.’ कंपन्यांनी नळ्या बदलल्या तरी आपला हक्क त्यांच्या मागं मागं जाईल, असा त्यांचा हिशेब.

“नेमकं तेच पेटंट ऑफिसनं धरलंय,” कामिनी म्हणाली. “मानक बदलत राहतं, आबा. मग तुमचा हक्क कुठवर, हे लोकांना कळणार कसं? अर्ज केला त्या दिवशीचं मानक, त्याच्या सालासकट, असं लिहू. आज उत्तर गेलं नाही तर अर्ज बाद.”

“म्हणजे पुढं कंपनीनं नवी नळी काढली, की माझा जॉइनर उचलाले मोकळी! कंपनीचं कोन भेटलं तुमाले?”

“कुणी नाही.”

“भेटलेलं मानूस असंच सांगतं.”

कामिनी हसली नाही. “व्यापाऱ्याला बाग देता, तेव्हा भाव कोणता?”

“बाजार समितीच्या बोर्डावर लागंन तो.”

“कुठल्या दिवशीच्या?”

“कापनीच्या! दिवस बोलल्याबिगर मी घडाले हात लावू देत नाही. नाहीतर हे लोक सोयीचा दिवस...” आबा थांबले. या अर्जात सोयीचा दिवस धरणारे आपणच, हे त्यांच्या ध्यानात आलं. तरी मन निवळेना. “आन् नवी नळी?”

“अर्जात हक्काचे दावे असतात, त्यातल्या एकातून मानकाचं नावच काढू. पकड कशी बसते, ते मूळ अर्जातल्या मापांनी लिहू. मग नव्या नळीसाठीही भांडता येईल. जिंकूच, असं मात्र म्हणत नाही.”

फितलेल्या माणसानं जिंकण्याचीही हमी दिली असती, असं आबांना वाटलं. मन निवळलं, पण थोडंसंच.

“लिहा,” म्हणत त्यांनी खुर्ची ओढली आणि थेट कॉम्प्युटरसमोर मांडली.

“आबा, हे सगळं इंग्रजीत आहे.”

“असू द्या. साल वाचता येतं मले.”